परंतुबाई

आमच्या शाळेत मुलांनी प्रत्येक शिक्षकाला टोपणनाव दिलं होतं. मी चित्रकला शिकवायचो, म्हणून मला 'रंगाऱ्या' म्हणत. मुख्याध्यापक चौधरी सरांचं नाव इथे लिहिण्यासारखं नव्हतं. आणि मराठी-भूगोल शिकवणाऱ्या मनोरमा म्हात्रे बाईंना सगळी शाळा 'परंतुबाई' म्हणायची.

बाई 'पण' कधी म्हणत नसत, 'परंतु' म्हणत. 'आणि' म्हणत नसत, 'व' म्हणत. शिक्षकांच्या खोलीत शिपायाला सांगायच्या, "चहा दे, परंतु साखर कमी, व कप विसळून दे." वर्गात विचारायच्या, "कुठलं पान? कुठलं उत्तर?" त्यांच्या तोंडून 'कोणतं' हा शब्द मी तरी ऐकला नव्हता. चौधरी सरांना या पुस्तकी बोलण्याचं भारी कौतुक. वक्तृत्व स्पर्धा आली की मुलांना ते बाईंकडे पिटाळायचे, उच्चार शिकायला. मला मात्र त्याचा रागच यायचा. चहा मागताना असं कोण बोलतं, असं मनात यायचं. मी वसईचाच, वाडीतला माणूस. आमच्याकडे एवढं नीटनेटकं फक्त लग्नपत्रिकेत बोलतात.

बाईंची दुसरी ओळख म्हणजे काळजी. पन्नाशीला आलेल्या, अंगाने काटकुळ्या, खांद्यावरची पिशवी कधी खाली न ठेवणाऱ्या. त्या पिशवीत खडू असायचे, सेफ्टी पिना, गोळ्या, एक जादा रुमाल. सहलीला गेलो तर मुलं बसमध्ये बसेपर्यंत बाईंच्या घशाखाली घास उतरायचा नाही. परीक्षेचे गठ्ठे घरी नेले तर रात्री आग लागेल, शाळेत ठेवले तर वाळवी लागेल. त्यांच्याशेजारी बसलं की आपल्यालाही उगाच धडधडायला लागायचं, म्हणून मी शक्यतो खिडकीकडे बसायचो.

दोन हजार चार सालच्या जूनमध्ये शाळेला संगणक मिळाले. वरच्या मजल्यावरची एक खोली रंगवून त्यांना दिली. शिवणाच्या बाईंनी सगळ्यांना झालरीची कव्हरं शिवली. चपला बाहेर काढून आत जायचं, असा नियम झाला. शुक्रवारी वीज जायची, तेव्हा खोलीला कुलूप. दसऱ्याला चौधरी सरांनी कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, ते पुढे महिनाभर बटणांच्या फटीतून निघत होतं.

दसऱ्यानंतर सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. तालुक्याची स्पर्धा होती, नाव मल्टिमीडिया. म्हणजे मुलांनी गटाने मिळून संगणकावर एक प्रकल्प करायचा. फोटो, चित्रं, लिहिलेली माहिती आणि मुलांचा आवाज, सगळं एकत्र करून पडद्यावर दाखवायचं. विषय होता 'आपल्या परिसरातलं पाणी'. चित्रं मी बघायची. बाकी सगळं म्हात्रे बाईंनी, कारण आवाज येणार, म्हणजे उच्चार आले.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. संगणकाला त्यांनी तोवर हातही लावला नव्हता. त्या म्हणाल्या, "सर, मला यातलं काही येत नाही, परंतु..."

"परंतु कराल, एवढंच मला ऐकायचं होतं," सर म्हणाले आणि घंटा द्यायला निघून गेले.

चार मुलं निवडली, सगळी आठवीतली. सुमेध नालासोपाऱ्याहून यायचा. त्याच्या भावाचा संगणकाचा क्लास होता, त्यामुळे त्याला सगळं यायचं आणि ते तो लपवत नसे. उन्नती विरारच्या एका सोसायटीतली, स्पष्ट वाचणारी, बक्षिसांची सवय असलेली. कॉन्रॅड सांडोरचा, घरी केळीची बाग, कामापुरतंच बोलणारा. आणि रिटा पाचूबंदरची. तिची आई मासे विकायची, त्यांच्या भाषेत मावरं. रिटा वर्गात सगळ्यात जास्त बडबडायची, तीही थेट कोळीवाड्याच्या भाषेत.

पहिल्या दिवशी काय झालं, तर सुमेध माउस धरून बसला आणि बाकीचे तिघं त्याच्या पाठीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. बाई दारात उभ्या, पिशवीचा बंद पिळत. मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, त्याला येतंय तर करू दे. आपला प्रकल्प झाला म्हणजे झालं." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चुपचाप पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक नियम लिहिला. माउस ज्याच्या हातात, त्याचं तोंड बंद. बाकीच्यांनी सांगायचं, त्याने ऐकून तेवढंच करायचं. पडद्यावरचं चित्र बदललं की माउसचा हातही बदलायचा.

मला तो नियम म्हणजे पोरखेळ वाटला. आठवड्याभरात मात्र खोलीचा रंग बदलला. सुमेधला गप्प बसायची शिक्षा झाली, तसा तो ऐकायला शिकला. कॉन्रॅडला बोलणं भाग पडलं. "फोटो डावीकडे घे." "नको, अक्षरं झाकतात." "मग अक्षरं लहान कर." "लहान केली तर मागच्या बाकावरच्यांना काय दिसणार?" असे वाद चालायचे आणि त्यांतून एकेक चित्र उभं राहायचं. मी तेवीस वर्षं चित्रकला शिकवली, पण चौघांनी मिळून एक चित्र काढलेलं मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. बाई मागे उभ्या राहून, वीज जाईल का, फाईल उडेल का, या काळजीत. सुमेधला दर पाच मिनिटांनी सांगायच्या, "साठव बाळा, आधी साठव."

प्रकल्पासाठी बावखल निवडलं ते रिटाने. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावरच केळी आणि भाजीपाला निघतो. कॉन्रॅडच्या घरामागेच एक होतं, पण त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. रिटाला वाटलं, कारण बंदरावर गोडं पाणी नव्हतं. फोटो काढायला आम्ही सांडोरला गेलो, तेव्हा बाईंनी मुलांना एकमेकांचे हात धरून उभं केलं आणि स्वतः काठाच्या बाजूने उभ्या राहिल्या, जणू बुडायचंच असेल तर आधी आपण. रिटा सगळ्या घरांतून हक्काने फिरली. तिच्या आईमुळे तिला प्रत्येक आजी नावाने ओळखत होती.

मग आवाज भरायचा दिवस आला. माइक लावला, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. माहिती रिटानेच सांगायची, कारण ती तिचीच होती. ती न थांबता बोलली.

"आमच्या बंदराला पानी खारं. म्हनून आमची आजी मावरं विकायला वाडीत यायची, नि जाताना रिकाम्या हंड्यात बावखलाचं गोडं पानी नेयाची. मावरं इकडं, पानी तिकडं. आजी म्हनते, पैशे कमी मिळाले तरी चालंल, पन हंडा रिकामा नेयाचा नाय."

मी चित्र रंगवायचं थांबून ऐकत होतो. संपल्यावर सुमेधने ते परत लावलं, बरोबर आलंय का बघायला. 'पानी' शब्दाशी आल्यावर उन्नतीला हसू फुटलं. मग सुमेधने तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला. पानी. पुन्हा वाजवला. पानी. कॉन्रॅडसुद्धा हसला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आठवीतली मुलं ती.

"हसायला काय झालं?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक आला की मुलांना तो राग वाटलाच नाही.

रिटाही हसली थोडी. मग ती उठली, सुमेधच्या हातातून माउस घेतला आणि म्हणाली, "उन्नती वाचील. तिचं चांगलं येतं."

तीच वाक्यं उन्नतीने शुद्ध करून कागदावर लिहिली आणि वाचली. आवाज छान आला. चौधरी सर खूश झाले. आणि त्या दिवसापासून माउस रिटाकडेच राहायला लागला. कोणाची पाळी असो, ती म्हणायची, "मी करते, तुमी सांगा." बाकीच्यांना बोलायचीच हौस, त्यांनी दिला. ती भराभर शिकली. चित्रं सरकवणं, अक्षरं रंगवणं, सगळं सुमेधच्या वरचढ करायला लागली. मला वाटलं, पोरीला गोडी लागली. एकदा मी तसं बाईंना म्हटलंही.

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाईंनी दार लोटून घेतलं.

"राऊत सर, गोडी नव्हे ती. तिला बोलायचं नसतं, तेव्हा ती माउस धरते. माझाच नियम घेऊन ती त्याच्याआड लपली. मी ओळखते ते. मी खडू धरते."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या नायगावच्या पूर्वेकडच्या, मिठागराकाठच्या. वडील मिठावर कामाला. डी.एड.ला असताना पहिला पाठ घ्यायला एका शाळेत उभ्या राहिल्या, धडा नदीचा होता, आणि पहिल्याच वाक्यातल्या 'पानी'ला सगळा वर्ग हसला. मागे बसलेल्या त्यांच्या अध्यापिकाही हसल्या. "ते अक्षर मला येतं, सर. रोज आरशासमोर बसून बसून आलं. परंतु जीव घाबरला की ते पळतं व जुनं येऊन बसतं. तेव्हा मी वाटेतून ते अक्षरच काढून टाकलं, जमेल तितकं."

मी मनात त्यांची वाक्यं आठवत गेलो. परंतु. व. कुठलं. कशातच 'ण' नव्हता. एवढी वर्षं ज्याला मी पुस्तकीपणा समजत होतो, तो सगळा वळसा होता. एका अक्षराला चुकवत ही बाई अख्खी मराठी शिकवत आली होती.

"माहेरी गेले की तिथे ते अक्षर नको असतं," बाई म्हणाल्या. "तिथे मी अशी बोलले की भाऊ हसतो. दोन्हीकडे जीव टांगलेला. ही पोरगी आता गप्प बसली तर जन्मभर अशीच बसेल, राऊत सर. ती माझ्यावर जाईल."

आईला मुलगी आपल्यावर जावी असं वाटतं, आणि इथे एक बाई त्याच गोष्टीला भिऊन बसली होती.

त्यांनी प्रयत्न केले. माउस कॉन्रॅडकडे द्यायला लावला, तर रिटा पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. आईबरोबर बाजारात बसली म्हणे. तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा बाईंनी स्वतःच माउस तिच्या पुढ्यात सरकवला. रागावून उपयोग नव्हता, समजावून सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागणार, आणि ते बाईंच्या घशातून निघेना. रोज त्या ठरवून यायच्या आणि रोज तशाच परत जायच्या.

डिसेंबरात स्पर्धा आली, विरारच्या एका शाळेत. सुमेधने प्रकल्प सीडीवर घातला. बाईंचं एकीवर भागेना. फुटली तर, हरवली तर, उन्हाने वाकली तर. तीन सीड्या झाल्या. एक बाईंच्या डब्यात, पोळ्यांवर कापड टाकून, एक माझ्याकडे, एक सुमेधच्या दप्तरात. एस.टी. नालासोपाऱ्याला अडकली, तेव्हा बाई मांडीवर डबा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. रिटा त्यांच्या शेजारी, खिडकीबाहेर बघत.

स्टेजवर गटातली दोघंच जाऊ शकत होती, एक संगणक चालवायला आणि एक परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला. रिटा आणि उन्नती गेल्या. टेबलावर संगणक, त्याच्या छोट्या स्पीकरसमोर सभागृहाचा माइक, म्हणजे भरलेला आवाज सगळ्यांना ऐकू यावा.

आमचं नाव पुकारलं. पडद्यावर बावखल आलं, माझ्या रंगातलं, आणि मला बरं वाटलं. पण आवाज आला नाही.

रिटाने पुन्हा दाबलं. आवाज नाही. दुसरी सीडी लावली, तिसरी लावली. चित्रं तीच, आवाज नाही. सुमेध माझ्या शेजारी बसला होता, त्याच्या ते आत्ता ध्यानात आलं. चित्रांच्या फायलीत आवाज नसतो. तो वेगळा साठवलेला असतो आणि वेगळा सीडीवर घालावा लागतो. शाळेच्या संगणकावर सगळं जागच्या जागी होतं, म्हणून वाजत होतं. आमचा आवाज वसईला राहिला होता. बाईंनी जगातली प्रत्येक काळजी केली होती, नेमकी हीच राहून गेली.

"तोंडी सांगा," एक परीक्षक म्हणाले. "वेळ जातोय."

उन्नती पुढे आली. दोन वाक्यं बोलली आणि अडली. तिने ते सगळं कागदावरून वाचलेलं होतं, आणि तो कागद आवाजाबरोबरच शाळेत राहिला होता. तिसऱ्या वाक्याला तिचे डोळे भरले. तिने रिटाकडे पाहिलं. रिटाने मान खाली घातली आणि माउस घट्ट धरला. ज्याच्या हातात माउस, त्याचं तोंड बंद.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. बाई उठल्या होत्या. आयुष्यात कधी आपणहून स्टेजवर न गेलेली ही बाई पायऱ्या चढली, पिशवीसकट. टेबलाशी गेल्या, रिटाच्या हातावर हात ठेवला आणि तिच्या मुठीतून माउस काढून घेतला. मग स्वतः खुर्चीत बसल्या. त्यांनी माउस असा धरला होता, जसा तो हातातून उडून जाईल.

"बाई, तुम्ही?" परीक्षकांनी विचारलं. बाईंनी ओठ मिटून नुसतं रिटाकडे बोट दाखवलं.

रिटाला लपायला जागा उरली नाही. ती उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हे बावखल. आमच्या बंदराला पानी खारं..."

"पाणी," परीक्षक म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले. "पाणी म्हण बाळ."

सभागृहात हसू पसरलं. रिटा थांबली. तिने बाईंकडे पाहिलं, आणि परीक्षकांनीही पाहिलं, कारण बाईंच्या उच्चारांचं नाव तालुकाभर होतं. आता बाई तिला सुधारतील, असं सगळ्यांना वाटलं. बाईंच्या बोटाखाली माउसचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि चित्रावर एक पांढरी चौकट येऊन बसली. बाईंनी पुन्हा दाबलं. चौकट नुसती जागा बदलून परत बसली. बावखल तिच्याखाली झाकलं गेलं.

"बाई, ते नको," रिटा कुजबुजली. "दुसरं बटन."

"कोनतं?" बाई म्हणाल्या.

माइक समोरच होता. तो शब्द सगळ्या सभागृहात घुमला, शेवटच्या रांगेपर्यंत. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मान वर केली नाही. उठून काहीतरी करावं असं वाटत होतं, काय ते सुचत नव्हतं.

रिटा बाईंकडे बघत राहिली. एवढा वेळ तिने कोणाकडे सरळ पाहिलं नव्हतं.

"डावीकडचं, बाई," ती म्हणाली. आता कुजबुजली नाही, मोठ्याने म्हणाली.

बाईंनी डावं बटण दाबलं. चौकट गेली. रिटाने सभागृहाकडे तोंड केलं. "तर आमच्या बंदराला पानी खारं," ती म्हणाली, "म्हनून आमची आजी मावरं घेऊन वाडीत यायची." आणि मग ती हंड्यापर्यंत गेली, आजीपर्यंत गेली, बावखल बुजवून तिथे आता इमारती कशा येतायत तिथपर्यंत गेली. ती हात वर करी, तेव्हा बाई पुढचं चित्र आणत. एकदा चुकून मागचं आणलं. रिटा न थांबता म्हणाली, "फुडं, बाई," आणि बाईंनी पुढचं आणलं.

बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. आमच्या नावापुढे 'आवाज नाही' असा शेरा पडला.

बाई खाली येऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, पाण्याची बाटली काढली, पण टोपण फिरवता येईना. मी ते उघडून दिलं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून म्हटलं, "बाई, बक्षिसाचं मनाला लावून घेऊ नका. सभागृहातलेही उद्या विसरतील."

बाई पाणी प्यायल्या. समोर रिटा कॉन्रॅडला काहीतरी सांगत होती, दोन्ही हात हलवून, भरभर. बाई तिच्याकडेच बघत होत्या.

"पन बोलली ना ती," बाई म्हणाल्या.